शिकाऱ्यांनी दार वाजवलं

मागणी घालायला मंडळी बाराला यायची होती. साडेदहापर्यंत झाखारने बायकोला खरं काय ते सांगायचे तीन प्रयत्न करून पाहिले. पहिल्या वेळी त्याने घसा खाकरला, तर स्तेफानियाने त्याला मध घालून कोमट पाणी दिलं. दुसऱ्या वेळी तो "ऐकतेस का" म्हणाला, तर तिने त्याला बटाटे सोलायला बसवलं. तिसऱ्या वेळी तो नुसताच तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने त्याला दोन्ही खांद्यांना धरून हातभर डावीकडे सरकवलं आणि त्याच्यामागच्या फळीवरून मीठ घेतलं.

झाखार चाळीस वर्षं गुरांचा डॉक्टर होता. न बोलणाऱ्या जनावराला कुठे दुखतंय हे तो फाटकातूनच ओळखायचा. बोलणाऱ्या बायकोपुढे ही विद्या कधी चालली नव्हती. गेले एकोणीस महिने एका विषयापुरती तीही न बोलणाऱ्यांत जमा झाली होती. तरी चालत नव्हती.

विषय म्हणजे तिचा थोरला भाऊ. जनरल सेवेरिन ह्रेबेनिक.

"अकरा," हाफिया आत्या मागच्या दारातून आत येत म्हणाली. "अकराच्या अकरा खाली गेले. अंगणात एकसुद्धा नाही."

हाफिया ही स्तेफानियाच्या वडिलांची बहीण. वय एक्याऐंशी, कान दोन, त्यातला एक यंत्राचा. ती सकाळी सातपासून ढकलगाडी घेऊन एकाच मोहिमेवर होती. मुलीकडच्यांना स्थळ नको असेल तर ते तोंडाने तसं म्हणत नाहीत. मध्यस्थाच्या हातात भोपळा ठेवतात. भोपळा मिळाला की मध्यस्थाने टोपी घालायची आणि निघायचं. त्यामुळे मागणीच्या दिवशी घरात चुकूनही भोपळा दिसता कामा नये. यंदा भोपळे उदंड आले होते आणि ओसरीपासून गोठ्यापर्यंत नकारच नकार पसरला होता. आत्याने तो सगळा तळघरात नेऊन लपवला.

"माझ्या वेळी एक खिडकीत राहिला होता," ती म्हणाली. "आमच्या आईने बिया वाळवायला ठेवलेला. बिचारे दारातूनच परत गेले. मग मला दुसरा करावा लागला."

"दुसरा काय वाईट होता का, आत्याबाई?" झाखारने विचारलं.

"चांगला होता की. पण ठरवलेला नव्हता ना."

स्तेफानिया हसली नाही. ती वरेनिकींच्या कडा दुमडत होती. बटाट्याचं सारण, वर पिठाची पारी, अंगठ्याने चिमटा. एका ओळीत वीस. चिमटे सगळे सारखे. झाखारला वाटलं, हिला माहीत नाही. मग वाटलं, सगळं माहीत आहे. चौतीस वर्षांच्या संसारात हे दोन चेहरे त्याला वेगळे ओळखता आले नव्हते.

मुलीच्या, ओरिस्याच्या, मागणीला दोन मध्यस्थ येणार होते. एक पान्को, नवऱ्यामुलाचा काका. तो पोस्टमन होता आणि गेले पंधरा दिवस सायकलवरून टपाल वाटता वाटता मागणीचं जुनं भाषण, 'आम्ही दूरदेशचे शिकारी' वगैरे, मोठ्याने पाठ करत होता, त्यामुळे ते अर्ध्या कालिन्कित्सा गावाला पाठ झालं होतं. दुसरा मध्यस्थ म्हणजे निवृत्त हेडमास्तर, असं स्तेफानियाला सांगण्यात आलं होतं. हेडमास्तरांना स्वतःला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ते आज मासे धरायला गेले होते.

ओरिस्या स्वयंपाकघरात डोकावली. लाल केस, भरतकामाचा सदरा, आणि औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाची ती शांत नजर.

"बाबा, सांगितलंत?"

"सांगतोय."

"दहा वाजल्यापासून सांगताय."

"घाई केली की जनावर बिथरतं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ऐकू येतंय मला," स्तेफानिया म्हणाली आणि एकविसावी वरेनिकी नव्या ओळीत ठेवली.

नवरामुलगा नाझार. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतला कॅप्टन, डावा पाय गुडघ्याखाली धातूचा, दहा दिवसांच्या रजेवर. मुलगा गरीब स्वभावाचा, पण एका बाबतीत खांबासारखा. त्याने ओरिस्याला स्वच्छ सांगितलं होतं: माझ्यासाठी मागणी घालतील तर जनरलसाहेबच. तुझ्या आईने त्यांच्या तोंडून मागणी ऐकली, मागणीचा पाव घेतला, तर लग्न. नाही घेतला तर मी ह्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. असं का, ते त्याने सांगितलं नाही. ओरिस्याला ते माहीत असावं असा झाखारचा संशय होता. आजकाल घरात जो तो काहीतरी माहीत असलेला होता.

घरातले पक्षसुद्धा बदलते होते. वर्षभर आत्या स्तेफानियाच्या पक्षात होती. भाच्याचं नाव निघालं की कानाचं यंत्र काढून ठेवायची. ईस्टरला सेवेरिन तिला भेटून गेला, यंत्राची बॅटरी देऊन गेला आणि आत्या त्याच्या पक्षात गेली. ओरिस्या उघडपणे कुठेच नव्हती. आणि झाखार दर गुरुवारी मधमाश्यांच्या पेट्यांमागे जाऊन मेव्हण्याला फोन करायचा. हे मात्र खरोखरच कुणाला माहीत नव्हतं.

सेवेरिन ह्रेबेनिकची कारकीर्द देशाला पाठ होती, त्यामुळे ती घरात कुणी बोलत नसे. पहिल्या वसंतात त्याने एक पूल राखला, तेव्हा त्याचा चेहरा चहाच्या मगांवर आला. एका बेकरीने त्याच्या नावाचा केक काढला. त्यात क्रीम फार होतं. गावच्या बसथांब्यावर त्याचं चित्र रंगवण्यात आलं. पुढच्या वर्षी तेर्निव्स्क. शहर सोडायचं नक्की होतं, पण माणसं नदीपार व्हायला दोन दिवस कमी पडत होते. सेवेरिनने ते दोन दिवस शहर धरून ठेवलं. माणसं पार झाली. त्याचे सत्तेचाळीस सैनिक झाले नाहीत. वर्तमानपत्रांनी त्याला कसाई म्हटलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात टेकड्यांवरून त्याने वरून हुकूम यायच्या एक दिवस आधीच ब्रिगेड मागे घेतली आणि सगळी जिवंत आणली. त्याच वर्तमानपत्रांनी त्याला पळपुटा म्हटलं. मग सरकारने त्याला नारळ दिला. बसथांब्यावर चित्र पुसून बगळा काढायचा ठरला. पण रंग संपला, तेव्हापासून गावच्या बगळ्याला मिशा आहेत.

सत्तेचाळिसांत एक लुक्यान होता. झाखार-स्तेफानियाचा मुलगा, वय चोवीस.

मग चौकशी समिती बसली आणि तिचा अहवाल फुटला. पान एकशे एकतीसवर शेवटच्या सकाळच्या नावांची यादी होती: नदीपार आधी कुणी जायचं. त्यात लुक्यानचं नाव होतं आणि त्यावर जनरलच्या हातची पेन्सिलची रेघ होती. टीव्हीवर एक बाजू म्हणाली, बघा, सख्ख्या भाच्यालाही सूट दिली नाही, किती न्यायी माणूस. दुसरी बाजू म्हणाली, बघा, सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही, किती क्रूर माणूस. दोन्ही बाजूंपैकी कुणी लुक्यानला ओळखत नव्हतं. स्तेफानियाने टीव्ही बंद केला, त्यावर टेबलक्लॉथ घातला आणि त्या दिवसापासून भावाचं नाव घेतलं नाही.

झाखारला राग आला नव्हता असं नाही. पाच महिने त्याने तो राग पेट्यांमागे बसून एकट्याने खाल्ला. मग एका गुरुवारी सेवेरिनचा फोन आला. दोघंही काही बोलले नाहीत. अकरा मिनिटं दोघांनी एकमेकांचा श्वास ऐकला. शेवटी सेवेरिनने विचारलं, "माश्या कशा आहेत?" झाखार म्हणाला, "राणी म्हातारी झाली." तेव्हापासून दर गुरुवारी ते माश्यांबद्दल बोलत होते.

बाराला पाच कमी असताना दारावर काठीचे तीन ठोके पडले.

रीतीप्रमाणे ओरिस्या चुलीकडे पळाली. मुलीने लाजून चुलीचा गिलावा नखाने खरवडत उभं राहायचं असतं. चूल काढून टाकल्याला बारा वर्षं झाली होती. ती गॅसच्या बॉयलरचा रंग खरवडू लागली.

"माझ्यासाठी नवीन बॉयलर आणणार का तुझा नवरा?" आत्याने विचारलं.

दार उघडलं. आधी पान्को आला, तांबूस, आनंदी, हातात काठी. मग नाझार, इस्त्रीचा गणवेश, दोन्ही हातांत भरतकामाच्या टॉवेलवर गोल पाव. त्याच्यामागे चौकटीखालून वाकून तिसरा माणूस आत आला. साधा राखी कोट. केस टीव्हीवरच्यापेक्षा पांढरे. त्याच्याही हातात काठी होती आणि तो ती बंदुकीसारखी नव्हे, म्हाताऱ्यासारखी धरून होता.

स्तेफानियाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे हात पिठाचे होते. तिने ते ॲप्रनला पुसले, आधी तळवे, मग मागची बाजू, मग पुन्हा तळवे.

आता रीतीप्रमाणे यजमानाने विचारायचं असतं. आलेले ओळखीचे असले, शेजारचे असले, घरचे असले तरी परक्यासारखं विचारायचं: कोण तुम्ही लोक, कुठून आलात, कशासाठी? हे विचारल्याशिवाय मध्यस्थाला तोंड उघडता येत नाही. यजमान झाखार होता. त्याने तोंड उघडलं आणि त्याला ढास लागली. सकाळपासूनचं सगळं खोटं खाकरणं एकदम खरं होऊन वर आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकला. पान्को उतावळेपणाने त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. नाझारच्या हातातला पाव किंचित थरथरू लागला. रीतीप्रमाणे, कुणी घेतल्याशिवाय तो खाली ठेवता येत नव्हता.

"पाणी देऊ?" स्तेफानियाने नवऱ्याला विचारलं. दुसऱ्या कुणाला तिने काही विचारलं नाही.

आणि तेव्हा ग्रामपंचायतीच्या छपरावरचा भोंगा वाजला.

कालिन्कित्सामध्ये भोंगा झाला की लोक खिडक्या लावतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात. बॉम्ब पडावा असं गावात काही नाही, याचा गावाला थोडा कमीपणाही वाटतो. पण सेवेरिनच्या तोंडून सवयीने गेलं, "खाली चला." नाझार सवयीने वळलासुद्धा. स्तेफानिया जागची हलली नाही. लुक्यान गेल्यापासून ती एकदाही तळघरात उतरली नव्हती. बटाटेसुद्धा झाखार आणायचा.

"मी उतरते," हाफिया आत्या म्हणाली, "पण मला धरून स्तेफा नेणार. पुरुषांनी धरलं की मी पडते."

"आत्या, तू सकाळपासून अकरा वेळा एकटी उतरली आहेस."

"म्हणून तर दमले."

स्तेफानियाने तिच्याकडे बघितलं. मग तिचा दंड धरला.

तळघराच्या पायऱ्या उभ्या होत्या. नाझार एका पायाने चाचपत, दोन्ही हातांनी पाव उंच धरून उतरला. पान्को मागून त्याचा पट्टा धरून होता. झाखारने दिवा लावला.

अकरा भोपळे. मांडणीवर चार, बटाट्यांच्या खणावर दोन, उरलेले भिंतीलगत मानपत्र घेऊन स्वागताला उभे असल्यासारखे. पिवळ्या उजेडात ते आणखीच पिवळे दिसत होते.

नाझारचा चेहरा पिठासारखा झाला. पान्कोने छातीवर क्रुसाची खूण केली. पोस्टाच्या नोकरीत त्याने बऱ्याच वाईट बातम्या वाटल्या होत्या, पण इतक्या कधी एकदम नाही.

"हे उद्याच्या लापशीला," आत्या घाईने म्हणाली. "ह्यांचा कुणाशी काही संबंध नाही."

"बसा," ओरिस्या म्हणाली.

बसायला भोपळ्यांशिवाय काही नव्हतं. पान्को एका नकारावर बसला, आत्या दुसऱ्यावर. स्तेफानिया कोबीच्या पिंपावर. सेवेरिन उभा राहिला. छत त्याच्यापेक्षा वीतभर खाली होतं, त्यामुळे त्याची मान वाकलेली होती. वाकवली होती की छतामुळे वाकली होती ते झाखारला कळेना.

वर कुठेतरी लांब काहीतरी घरघरलं आणि गेलं.

"कोण तुम्ही लोक?" स्तेफानिया म्हणाली. "कुठून आलात? कशासाठी?"

पान्को ताडकन उठला. "आम्ही, बाईसाहेब, दूरदेशचे—"

"तुम्हाला नाही. ह्या उंच शिकाऱ्याला विचारतेय."

पान्को बसला. झाखारने पाहिलं, सेवेरिनने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आम्ही शिकारी," तो म्हणाला. पाठ केलेलं होतं, पण आवाज पाठ केलेला नव्हता. "लांबून आलो. आमचा राजपुत्र बरोबर आहे. पहिल्या बर्फात आम्हाला एका लाल कोल्हीचा माग लागला. माग काढत काढत आलो, तो तुमच्या अंगणात संपला."

"शिकारीला किती जण गेला होतात तुम्ही?"

हे भाषणात नव्हतं. पान्कोने गोंधळून ओरिस्याकडे पाहिलं.

"तीनशे बारा," सेवेरिन म्हणाला.

"परत किती आणलेत?"

"दोनशे पासष्ट."

"आणि हा राजपुत्र. हा कसा वाचला?"

"काकू, ते मी—" नाझारने सुरुवात केली.

"राजपुत्राने बोलायचं नसतं. तू पाव सांभाळ."

सेवेरिनने मान आणखी खाली घातली. आता ती छतामुळे नव्हती. "नावेत एक जागा उरली होती. यादीत तुमच्या मुलाचं नाव होतं. त्याच्या अधिकाऱ्याने घातलं होतं, माझा भाचा म्हणून. मी ते खोडलं. ज्याचा पाय तुटला होता त्याचं लिहिलं."

"त्याचं नाव?"

"नाझार."

झाखारच्या हाताला मांडणीची कड लागली आणि त्याने ती धरली. वर्षभर हा मुलगा रजेवर आला की झाखार त्याच्या धातूच्या पायाला तेल देत होता. माश्यांच्या पेट्या उचलायला त्याला हाक मारत होता. त्याने मुलाकडे पाहिलं. नाझार रडत होता, आणि हात मोकळे नसल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. ओरिस्याने पुढे होऊन आपल्या सदऱ्याच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं. म्हणजे तिला माहीत होतं. झाखार आपल्याला राग यायची वाट बघत राहिला. आली ती मात्र एक आठवण: तेल देताना हा मुलगा दर वेळी दुसरीकडे बघायचा.

"काय म्हणाला तो?" आत्याने विचारलं. "बॅटरी गेली वाटतं."

पान्कोने तिला हाताने थांबवलं.

"मला वर्ष झालं माहीत आहे," स्तेफानिया म्हणाली.

आता ओरिस्या दचकली. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? हा पहिल्यांदा आपल्याकडे आला तेव्हा माझ्या वरेनिकी चोरून खाल्ल्यासारख्या खाल्ल्या. पाच वाढल्या तर तीन खाल्ल्या आणि दोन कडेला ठेवल्या, कुणासाठी तरी ठेवाव्यात तशा. खरा चोर असता तर सगळ्या खाल्ल्या असत्या आणि आणखी मागितल्या असत्या." ती नाझारकडे वळली. "तू त्या सकाळी शुद्धीत होतास का रे?"

नाझारने मानेने नाही म्हटलं.

"मग झालं तर. बेशुद्ध माणूस कुणाची जागा घेत नाही. त्याला ठेवतात तिथे तो असतो. आजपासून पाच वाढल्या तर पाच खायच्या."

ती थांबली. झाखारला वाटलं, संपलं. एकोणीस महिन्यांचं दुखणं एवढंच होतं आणि ते आपल्याला ओळखता आलं नाही. पण तिचे हात पुन्हा ॲप्रनवर फिरू लागले होते.

"आणि खोडल्याबद्दल म्हणाल," ती भावाला म्हणाली, "तर पाय तुटलेल्याला आधी पाठवायचं हे मलाही कळतं. मी डॉक्टरची बायको आहे."

"गुरांच्या," आत्या म्हणाली. बॅटरी गेलेली नव्हती.

"मग काय, स्तेफ्को?" सेवेरिनने विचारलं. "मग एवढे दिवस काय?"

"शिकारी घरच्या बाईला नावाने हाक मारत नाहीत."

त्याने काठी भिंतीला टेकवली.

"'आदरणीय स्तेफानिया वासिलिव्ना,'" ती म्हणाली. तिने डोळे मिटले नव्हते, समोरच्या भोपळ्याकडे बघत ती म्हणत होती, आणि एकही शब्द अडखळत नव्हता. "'आपल्या सुपुत्राने मातृभूमीच्या रक्षणार्थ दिलेल्या बलिदानाबद्दल ब्रिगेड आपली सदैव ऋणी राहील. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' आपल्या. आपली. आपल्या. खाली सही, सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली शिक्का. पान्कोनेच आणून दिलं. पान्को, तुम्ही त्या दिवशी फाटकात टोपी काढून उभे होतात. तुम्हाला निदान तेवढं कळलं."

पान्कोने आताही टोपी काढली.

"सगळ्यांना तेच पत्र गेलं," सेवेरिन म्हणाला. "सत्तेचाळीस घरांना. मला वाटलं, सगळ्यांना सारखं जावं. तुला वेगळं लिहिलं असतं तर—"

"तर काय झालं असतं? सेहेचाळीस बायका रागावल्या असत्या? त्यांना भाऊ असतील, त्यांनी लिहिलं असेल. त्यांच्या मुलांचे तुम्ही जनरल होतात, तुमचं पत्र त्यांना पोचलं. माझ्या मुलाला जनरलही होता आणि मामाही होता. जनरलचं पत्र आलं. मामाचं अजून आलेलं नाही. मी रोज फाटकाकडे बघते."

झाखारला आठवलं, ती रोज अकरा वाजता फाटकाजवळ जाऊन उभी राहायची. त्याला वाटायचं, कोंबड्या मोजते.

"लिहिलं होतं," सेवेरिन म्हणाला. "चार वेळा. टाकलं नाही."

"का?"

तो इतका वेळ बोलला नाही की पान्कोने त्याला पुढची ओळ सांगायला तोंड उघडलं आणि ओरिस्याने त्याला कोपराने गप्प केलं.

"शुद्धलेखन चुकत होतं," जनरल म्हणाला.

स्तेफानियाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हे दोघं एकाच शाळेत एका वर्षाच्या अंतराने होते आणि त्याचा शुद्धलेखनाचा गृहपाठ सात वर्षं कोण लिहीत होतं हे तळघरातल्या तीन माणसांना माहीत होतं.

"कुठे चुकत होतं?"

"'लुक्यान' लिहिलं की पुढचा शब्दच नीट येत नव्हता. कुठलाही असो. साधे साधे शब्द. 'सकाळी', 'हसला'. मी ते लष्करी कार्यालयात कुणाला तपासायला देणार होतो?"

भोंगा पुन्हा वाजला, ह्या वेळी लांब, एकसुरी. धोका टळला होता. कुणी उठलं नाही. नाझारचे हात आता कोपरापासून थरथरत होते, पण पाव अजून टॉवेलच्या बरोबर मधोमध होता.

"नाझार," स्तेफानिया म्हणाली, "तो पाव वर नेऊन टेबलावर ठेव. कापायची सुरी ओरिस्या देईल. मध्यस्थांना बांधायचे टॉवेल कपाटात वरच्या खणात आहेत, भरलेले, लाल कडांचे."

हे एवढं बोलणं म्हणजे होकार होता. ते कळायला नाझारला काही क्षण लागले. कळलं तेव्हा तो म्हणाला, "काकू," आणि पुढे त्यालाही साधे साधे शब्द येईनात. ओरिस्या आईपाशी गेली, तिने तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि मग नवऱ्यामुलाला पायरीकडे वळवलं.

"पण मी अजून काही बोललोच नाही," पान्को म्हणाला.

"वर बोला. सगळं बोला. आत्या ऐकेल."

"मला तर पाठच आहे," आत्या उठत म्हणाली. "पत्रं वाटता वाटता सांगत होता की." आणि कुणाच्याही आधाराशिवाय ती तरातरा पायऱ्या चढून गेली.

वर काठीचा आवाज झाला, खुर्च्या सरकल्या. पान्कोचं भाषण सुरू झालं, दूरदेशच्या शिकाऱ्यांपासून, अगदी पहिल्यापासून. खाली तिघं राहिले. सेवेरिन राहिला कारण त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. झाखार पहिल्या पायरीवर होता. भावा-बहिणीला एकटं सोडावं म्हणून त्याने दुसऱ्या पायरीकडे पाय उचलला होता.

"मान दुखत नाही का तुझी?" मागे स्तेफानिया म्हणाली. "बस ना खाली, सेवको."

तुझी. बस. झाखार जागच्या जागी थांबला.

सेवेरिन बसला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. बसल्यावर त्याचं डोकं तिच्या खांद्याएवढं आलं.

"आता सांग ते पत्र," ती म्हणाली. "तोंडी सांग. तोंडी शुद्धलेखन नसतं."

"कुठून सांगू?"

"तुला आठवतं तिथून. फक्त आदरणीय म्हणू नकोस."

झाखारने उचललेला पाय परत पायरीवर ठेवला. मुलगा त्याचाही होता. तो तिथेच, पायरीवर, गार दगडावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरले.

"स्तेफ्को," सेवेरिनने सुरुवात केली. मग थांबून त्याने पायरीकडे पाहिलं. "झाखार. आदल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो मोजे वाळत घालत होता. दोन जोड होते, एक त्याचा आणि एक कुणाचा तरी, आणि तो म्हणाला, मामा, मला सांगा, आई कसे वाळवते हो, की ते असे कडक होत नाहीत?"